इम्प्लांट: हाडात स्क्रू बसवण्यापासून कॅप लागेपर्यंत काय काय होते?

चौकस

आईची (वय 61) खालची डावी पहिली दाढ चार महिन्यांपूर्वी काढली. रूट कॅनॉल झालेली दाढ होती, पण मुळाला उभी चीर गेली आणि ती वाचवता आली नाही. शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत. ते घासून ब्रिज करण्यापेक्षा इम्प्लांट (हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप) बरे, असे दंतवैद्यांचे मत आहे.

मधुमेह आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.4. हाडांच्या ठिसूळपणासाठी अलेंड्रोनेटची आठवड्याला एक गोळी तीन वर्षे चालू आहे. तंबाखू, धूम्रपान नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे: आधी कोणत्या तपासण्या हव्यात, त्या दिवशी नेमके काय करतात, किती दुखते, मध्ये तीन-चार महिने थांबायचे ते कशासाठी, आणि कोणती लक्षणे दिसली तर लगेच फोन करायचा? "काही नाही हो, सोपे असते" याच्या पुढचे कोणी बोलतच नाही.

---

शल्यकक्ष

स्क्रू बसवणे हे या सगळ्यात सर्वांत कमी वेळाचे काम आहे. इम्प्लांट फसते ते बहुधा आधीच्या आखणीत, नाहीतर नंतरच्या निगेत. म्हणून आधीचे जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट हाडाची. दाढ काढल्यावर तिथले हाड आक्रसते, उंचीपेक्षा रुंदीला जास्त, आणि तेही गालाच्या बाजूने. एका वर्षात रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. त्यात तुमच्या आईंच्या दाढेच्या मुळाला उभी चीर होती. अशा मुळाच्या गालाकडचे हाड दाढ काढण्याआधीच जंतुसंसर्गाने खाल्लेले असण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे "हाड भरपूर आहे" हे केवळ ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) पाहून कोणी सांगितले, तर सीबीसीटी स्कॅनचा (जबड्याचे त्रिमितीय चित्र) आग्रह धरा. ओपीजीत रुंदी दिसतच नाही, आणि चित्र साधारण पाव पट मोठे येते, म्हणजे उंचीही फसवी.

स्कॅनवरचे गणित समजून घ्या. खालच्या जबड्यात मागच्या बाजूला ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस हाडाच्या नळीतून जाते. इम्प्लांटचे टोक आणि ती नळी यांत किमान 2 मिमी अंतर सोडतात. नळीच्या वर 13 मिमी हाड असेल तर 10 मिमी लांबीचे इम्प्लांट निवांत बसते. 11 चे बसवायला गेले तर हाताशी काही उरत नाही, कारण काही ड्रिलचे टोक त्यावरच्या खुणेपेक्षा 1 मिमीपर्यंत लांब असते. रुंदीचे असे: इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना निदान दीड-दीड मिमी हाड हवे. दाढेला 4 ते 5 मिमी व्यासाचे वापरतात, म्हणजे 7 ते 8 मिमी रुंद हाड लागले. शेजारच्या दाताच्या मुळापासूनही दीड मिमी.

रुंदी एक-दोन मिमीने कमी पडली तर इम्प्लांट बसवतानाच बाजूला हाडाची भुकटी घालून वर पडदा लावतात. त्याहून जास्त कमी असेल तर आधी हाड वाढवायचे, चार ते सहा महिने थांबायचे, मग इम्प्लांट. ही भुकटी स्वतःच्या जबड्यातली, दुसऱ्या माणसाने दान केलेली, गाय-बैलाच्या हाडापासून तयार केलेली किंवा कृत्रिम असू शकते. कोणती वापरणार हे आधी विचारा. एखादी नको असेल तर ते शस्त्रक्रियेच्या खुर्चीवर नव्हे, आधीच्या भेटीत सांगायचे.

वरच्या दाढेकडेही लक्ष हवे. खाली जागा रिकामी राहिली की समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरू लागते. हिरडीपासून त्या दाढेपर्यंत साधारण 7 मिमी उंची मोकळी नसेल तर कॅपला जागाच पुरत नाही. चार महिन्यांत फार फरक पडत नाही, पण आणखी वर्षभर टाळाटाळ केली तर पडतो.

आता औषधे. एचबीएवनसी 7.4 ला बहुतेक शल्यचिकित्सक पुढे जातात. 8 च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात, कारण जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. अलेंड्रोनेटबद्दल मात्र दंतवैद्यांना नाव, डोस आणि किती वर्षे हे तिन्ही स्पष्ट सांगा. या गटातल्या औषधांमुळे जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा धोका असतो. गोळीच्या स्वरूपात, हाडांच्या ठिसूळपणासाठी आणि चार वर्षांपेक्षा कमी काळ घेतली असेल तर तो धोका अगदी कमी असतो, पण शून्य नसतो. स्टेरॉइडही चालू असेल तर वाढतो. कर्करोगासाठी या गटातले औषध शिरेतून दिले जात असेल तर इम्प्लांट करूच नये, असा सल्ला दिला जातो.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते, चार-आठ दिवस थांबवून काहीच साधत नाही. डेनोसुमॅब या हाडांच्या ठिसूळपणावरच्या दुसऱ्या औषधाचे सहामाही इंजेक्शन असते तर गोष्ट आणखी नाजूक. ते लांबवले की मणक्यांचे फ्रॅक्चर होऊ शकते, म्हणून तिथे इंजेक्शन न चुकवता दोन डोसांच्या मधला काळ शस्त्रक्रियेसाठी निवडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनाही हाच नियम: ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याशी बोलल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

---

शल्यकक्ष

आता प्रत्यक्ष दिवस. वेगळे लिहितो, नाहीतर वरचे फार लांबले असते.

सकाळची वेळ घ्या. पूर्ण भूल नसते, फक्त जागा बधीर करतात, त्यामुळे मधुमेही माणसाने उपाशी यायचे नाही. नेहमीचा नाश्ता, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन. बरेच जण तासभर आधी अँटिबायोटिकचा एक मोठा डोस देतात. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधी सांगायचे.

हिरडीला छोटा छेद देऊन हाड उघडे करतात. 2 मिमीच्या बारीक ड्रिलने पहिले भोक, मग त्यात दिशा दाखवणारी पिन घालून एक्स-रे. इथे दिशा चुकलेली दिसली तर ती सुधारता येते, पुढे अवघड होते. मग चढत्या मापाच्या ड्रिलने भोक रुंद करत नेतात. प्रत्येक वेळी थंड सलाईनची धार चालू, कारण हाड 47 अंश सेल्सिअसला एक मिनिटभर तापले तरी तिथल्या पेशी मरतात. अशा मेलेल्या हाडाला इम्प्लांट चिकटत नाही. बोथट ड्रिल आणि जोराचा दाब हे त्याचे मुख्य कारण. रुग्णाला जाणवते ते कंपन, दाब आणि पाण्याचा आवाज. टोचल्यासारखे दुखले तर हात वर करायचा, भूल वाढवता येते.

इम्प्लांट घट्ट बसले की नाही हे रॅचेटवर (आवळायच्या पान्यावर) न्यूटन-सेंटिमीटर या पिळाच्या बलाच्या एककात मोजतात. 35 च्या आसपास आकडा चांगला. जितके जास्त आवळू तितके चांगले असे मात्र नाही. फार दाबलेल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि कडेचे हाड झिजते. त्यानंतर एकतर वर चपटा स्क्रू लावून हिरडी पूर्ण शिवतात, म्हणजे नंतर पुन्हा छोटा छेद आला, किंवा हिरडीच्या वर डोकावणारी टोपी लावतात, मग दुसरा छेद वाचतो. भुकटी घातली असेल तर सहसा पहिला मार्ग. एका इम्प्लांटला एकूण पाऊण ते एक तास धरा.

घरी: कापसाची घडी अर्धा ते पाऊण तास चावून धरायची. पहिला दिवस बर्फाची पिशवी बाहेरून, 15-20 मिनिटे ठेवायची आणि तेवढाच वेळ काढायची. जोराने चूळ भरणे, थुंकणे, स्ट्रॉने ओढणे नको, गुठळी निघून जाते. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशक माउथवॉशने) हलक्या गुळण्या, दिवसातून दोनदा, टाके निघेपर्यंत. टाके 7 ते 10 दिवसांनी निघतात. मऊ आणि कोमट खायचे, दुसऱ्या बाजूने. दुखणे बहुधा दाढ काढताना झाले त्याहून कमी असते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. वेदनाशामक कोणते हे विचारून घ्या. मधुमेहात मूत्रपिंड तपासलेले नसेल तर आयब्युप्रोफेन गटातली गोळी सरसकट घेऊ नये.

सूज 48 ते 72 तासांत सर्वांत जास्त असते. म्हणजे तिसऱ्या दिवशी गाल फुगलेला दिसला तर घाबरू नका, पण चौथ्या-पाचव्या दिवशी वाढतच असेल तर ते बरोबर नाही.

लगेच फोन कधी करायचा ते नीट वाचा. भूल तीन ते पाच तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधीर असेल तर वाट पाहू नका. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर ते पहिल्या एक-दीड दिवसात मागे घेतले किंवा काढले तरच नस सावरण्याची चांगली संधी असते. "होईल हळूहळू" म्हणत आठवडा घालवला की ती जाते. दुसरे, जिभेखाली सूज येऊन जीभ वर उचलली जाऊ लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर फोनही नको, थेट रुग्णालय. खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूने खोलगट भाग असतो, तिथे ड्रिल बाहेर गेले तर आत रक्तस्राव होऊ शकतो. फार क्वचित होते, पण झाले तर हातात वेळ थोडा असतो.

---

चौकस

इतक्या तपशिलाबद्दल मनापासून आभार. दोन शंका. एके ठिकाणी "त्याच दिवशी दात" अशी जाहिरात पाहिली. मग आपल्याला तीन महिने का सांगतात? आणि या काळात आत नेमके काय चालू असते?

---

हिरडी-हाड

इम्प्लांट बसते तेव्हा त्याला धरून ठेवते ती फक्त पकड, भिंतीत स्क्रू बसवावा तशी. हाड त्याला चिकटलेले नसते. पुढच्या काही आठवड्यांत शरीर त्या जखमी हाडाचा थर झिजवून काढते आणि त्याच्या जागी नवे हाड टायटॅनियमच्या खरखरीत पृष्ठभागावर घालते. गंमत म्हणजे जुने जाण्याचा वेग आधी जास्त असतो, त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षा सैल असते! नेमके याच वेळी दुखणे पूर्ण थांबलेले असते आणि माणूस त्या बाजूने चावायला लागतो. तिथे सूक्ष्म हालचाल होत राहिली की हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते आणि इम्प्लांट कधीच पक्के होत नाही. त्यामुळे आईंना टाके निघाल्यावरही दीड-दोन महिने त्या बाजूने कडक काही चावू देऊ नका.

खालच्या जबड्याचे हाड दाट, म्हणून दोन ते तीन महिने. वरच्याचे मऊ, म्हणून चार ते सहा. मधुमेह आणि अलेंड्रोनेट दोन्ही असताना तीन महिने सांगणारा डॉक्टर उशीर करत नाही, काळजी घेतोय. हाड टायटॅनियमला असे चिकटते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसले आणि पहिला रुग्ण झाला 1965 मध्ये. तेव्हापासून पृष्ठभाग सुधारले, काळ कमी झाला, पण हाडाची ही गती शून्यावर आलेली नाही.

"त्याच दिवशी दात" खोटे नसते. रॅचेटवरची पकड 35 च्या वर असेल, हाड दाट असेल, आणि लावलेला तात्पुरता दात समोरच्या दाताला टेकणार नाही इतका आखूड असेल, तर तोंडाच्या दर्शनी भागातल्या दातांसाठी ते करतात. संपूर्ण जबड्यासाठी चार-सहा इम्प्लांट एकमेकांना कडक पट्टीने जोडूनही करतात, कारण जोडल्यावर एकेकटे हलत नाही. मागच्या एकट्या दाढेवर चावण्याचा सर्वांत जास्त भार येतो आणि तिथला दात कोणाला दिसतही नाही. तिथे घाई करून मिळवायचे काय?

काही ठिकाणी तीन महिन्यांनी आयएसक्यू नावाचा आकडा मोजतात. छोटा खुंट लावून चुंबकीय स्पंदनाने 1 ते 100 मध्ये स्थिरता मोजायची. 70 च्या वर असेल तर कॅपला हरकत नाही, 60 च्या खाली असेल तर अजून थांबायचे. सोय असेल तर इम्प्लांट बसवतानाही मोजून घ्यायला सांगा, तुलना करता येते.

---

लॅबमधून

कॅपच्या बाजूने थोडे, कारण पुढच्या तक्रारी बहुतेक इथल्या असतात.

इम्प्लांटचे तीन भाग: हाडातला स्क्रू, त्यावर बसणारा खुंट म्हणजे अबटमेंट, आणि वरची कॅप. माप घेताना इम्प्लांटवर एक खुंटी बसवून ट्रेने माप घेतात किंवा स्कॅनरने. ती खुंटी पूर्ण बसली आहे याचा एक्स-रे काढलाच पाहिजे. मध्ये केसभर हिरडी अडकली तरी माप उंच येते आणि लॅबमध्ये कितीही नेटके काम केले तरी कॅप तोंडात बसत नाही.

स्क्रूने बसणारी कॅप मागा. सिमेंटने चिकटवलेल्या कॅपमध्ये सिमेंटचा कण हिरडीखाली राहून गेला की तिथे महिनोन्महिने सूज राहते, हाड झिजते, आणि एक्स-रेत तो कण दिसेलच असे नाही. स्क्रूच्या कॅपला वरून छिद्र असते. ते आत टेफ्लॉनची पट्टी आणि वर दाताच्या रंगाचे मिश्रण भरून बुजवतात. पुढे काही बिघडले तर छिद्र उघडून कॅप सुखरूप काढता येते.

हा आतला स्क्रू कंपनीने ठरवलेल्या बलाने, बहुधा 25 ते 35 न्यूटन-सेंटिमीटरने, मोजूनच आवळायचा. हाताच्या अंदाजाने नाही. आणि दहा मिनिटांनी त्याच बलाने पुन्हा एकदा, कारण धातूचे पृष्ठभाग एकमेकांत बसले की थोडा ताण उतरतो. हे दुसरे आवळणे वगळले जाते आणि पहिल्या वर्षात कॅप हलायला लागते.

चावण्याचे: दाताच्या मुळाभोवती गादीसारखे तंतू असतात, इम्प्लांटला ते नसतात. दात दाबाखाली थोडा खाली दबतो, इम्प्लांट जवळजवळ नाही. म्हणून हलके चावल्यावर कॅप समोरच्या दाढेला जेमतेम लागावी, करकचून चावल्यावर इतर दातांबरोबर लागावी. तपासायला 12 मायक्रॉन जाडीची पातळ पट्टी वापरतात: हलक्या चाव्यात ती सरकून यायला हवी. आई झोपेत दात खात असतील तर रात्रीचे गार्ड हवेच, नाहीतर पोर्सिलेनचा तुकडा उडतो.

कधी कॅप हलते आहे असे वाटले तर घाबरून "इम्प्लांट गेले" असे समजू नका. न दुखता, टिकटिक करत हलणारी कॅप म्हणजे बहुधा आतला स्क्रू सैल. त्याच दिवशी चावणे बंद करून दाखवा. तसेच चावत राहिले तर तो स्क्रू आत तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणे हे फार जिकिरीचे काम.

अजून एक, जे क्वचितच सांगितले जाते. दात आयुष्यभर अगदी सूक्ष्म वेगाने पुढे सरकतात, इम्प्लांट जागेवरच राहते. म्हणून काही वर्षांनी कॅप आणि तिच्या पुढच्या दातात फट पडून अन्न अडकू लागते. त्यात कोणाची चूक नाही. स्क्रूची कॅप असेल तर काढून त्या बाजूला भर घालता येते.

---

हिरडी-हाड

निगेबद्दल, कारण प्रश्नात ते नव्हते आणि खरे तर तेच असायला हवे होते.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हिरडी सुजते. फक्त हिरडी सुजली असेल तर स्वच्छतेने पूर्ववत होते. सूज हाडापर्यंत उतरली की गेलेले हाड आपोआप परत येत नाही, मग आतून खरवडणे, पावडरच्या फवाऱ्याने पृष्ठभाग साफ करणे, कधी हिरडी उघडून शस्त्रक्रिया. दुखत जवळजवळ नाही, म्हणून उशीर होतो. ब्रश करताना रक्त, दाबल्यावर पू किंवा खारट चव, आणि हिरडी खाली सरकून धातूची कड दिसणे: यांपैकी एकही चालवून घेऊ नका. ज्यांचे दात मुळात हिरडीच्या आजाराने गेले त्यांना हा धोका जास्त, तंबाखू आणि बेताल साखर असेल तर आणखी जास्त.

रोज रात्री कॅपच्या दोन्ही बाजूंनी फटीतला छोटा ब्रश फिरवायचा. त्याची तार प्लॅस्टिकने मढवलेली असावी, उघडी तार धातूवर ओरखडे पाडते. ब्रशचे माप दंतवैद्यांकडून ठरवून घ्या: फार सैल साफ करत नाही, फार घट्ट हिरडी सोलतो.

कॅप लागली त्याच दिवशी एक एक्स-रे काढून जपून ठेवा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी होते. पहिल्या वर्षात कडेचे हाड एक-दीड मिमीपर्यंत खाली बसले तर ते अपेक्षित धरतात, पण त्यानंतर ते स्थिरावले पाहिजे. तपासणी दर सहा महिन्यांनी, आईंच्या बाबतीत मधुमेह आहे म्हणून पहिले वर्षभर दर तीन-चार महिन्यांनी.

---

चौकस

सीबीसीटी करून घेतो आणि अलेंड्रोनेटची जुनी चिठ्ठीही सोबत नेतो. शेवटचे: पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर अडचण येईल का? आणि दंतवैद्यांकडून कोणते कागद मागून घ्यावेत?

---

शल्यकक्ष

एमआरआयला अडचण नाही. टायटॅनियम चुंबकाला ओढले जात नाही, फक्त जबड्याजवळच्या चित्रात थोडा डाग येतो. तंत्रज्ञाला सांगून ठेवा एवढेच. कवळी चुंबकाने धरून ठेवणारे इम्प्लांट असते तर वेगळे, पण तुमचा प्रश्न एका दाढेचा आहे.

कागदात सर्वांत महत्त्वाचा आहे तो इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर: कंपनी, प्रकार, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक. अबटमेंटच्या पाकिटावरचाही घ्या. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि त्याचा पाना वेगळा असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात कॅप सैल झाली आणि कंपनी माहीत नसेल, तर समोरचा दंतवैद्य कितीही कुशल असला तरी तो आधी एक्स-रे बघून अंदाज बांधत बसणार. स्टिकरचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि आईंच्या औषधांच्या फाइलमध्ये एक प्रत लावा.